नावापाशी थांबणाऱ्या बाई

बाईंनी मला माझं नाव कधीच विचारलं नाही. पहिल्या गुरुवारी मी ते सांगायला गेलो, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"तुम्ही यांचे कोण?"

"नवरा."

"मग झालं. नवरे, तुम्ही मागच्या बाकावर. यांना इथं बसवा, माझ्यासमोर."

तेव्हापासून मी 'नवरे' झालो. कुरवंड्याहून आपल्या सासऱ्यांना घेऊन येणारी बाई 'सून' होती. कामशेतला बेकरी चालवणारे गृहस्थ आपल्या अम्मींना घेऊन यायचे, ते पन्नाशीचे आणि टक्कल पडलेले असूनही 'मुलगा' होते. मी एकदा म्हणालो, "बाई, आम्हाला नावं आहेत की." त्या पेटीचा भाता उघडत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ती लक्षात ठेवायचं काम ज्यांचं, ते पुढे बसलेत. त्यांच्याकडून येतील तेव्हा बघीन."

विसरण्याचा आजार झालेल्या माणसांना आणि त्यांना सांभाळणाऱ्यांना एकत्र बसवून बाई गाऊन घ्यायच्या. लोणावळ्याच्या बाजारपेठेमागे एक बंद पडलेली बालवाडी होती. वर पत्रे, भिंतीवर कोणीतरी रंगवलेला अननस, मोर आणि छत्री. बाई जवळच्याच शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या, आणि बालवाडीची किल्ली कशी कोण जाणे त्यांच्याकडेच राहिली होती. दिवस गुरुवार, कारण शुक्रवारपासून गावात मुंबईच्या गाड्या शिरायला लागतात आणि मग म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडवणंसुद्धा मुश्किल होतं. आम्ही तळेगावहून जुन्या हायवेने यायचो.

बाई दिसायला काटकुळ्या. सुती पातळ, पायात पुरुषी चपला, आणि बाराही महिने छत्री. उन्हाळ्यात ती छत्री काठीसारखी वापरायच्या, पावसाळ्यात विसरून यायच्या आणि भिजायच्या. वर्गात एक नियम होता आणि तो मोडला तर त्या खरोखर चिडायच्या. ओळ सुरू करायच्या त्या स्वतः. आरती असो, शाळेतली प्रार्थना असो, जात्यावरची ओवी असो, ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी त्या थांबायच्या. पेटीही थांबायची. तो शब्द पुढच्या बाकावरच्या माणसांनी म्हणायचा. मागच्या बाकावरच्यांनी तोंड मिटून बसायचं.

हे सांगायला सोपं आहे. आजारी माणसाला सांभाळणाऱ्याची सगळी सवयच शब्द पुरवण्याची झालेली असते. त्याने 'ते... ते...' केलं की आपण 'चष्मा का? पाणी का?' असं पुढे होऊन सांगतो. दिवसभर तेच करतो. त्यामुळे बाई थांबल्या की आमच्यापैकी कोणाच्या तरी तोंडून तो शब्द हमखास सुटायचा. मग बाई पेटी बंद करायच्या.

"मुलगा! अम्मींची भाकरी पण तुम्हीच चावता का?"

बेकरीवाले ओशाळून म्हणायचे, "सुटलं हो बाई तोंडातून."

"सोडू नका. परत."

माझ्यावर त्यांचा विशेष राग. मी आरतीत आवाज लावला की त्या मान हलवायच्या. "नवरे, तुम्ही गाऊ नका. तुमचं तोंडच बेसूर उघडतं." सगळे हसायचे. मीही हसायचो. तोंड बेसूर कसं उघडेल, हे मला तेव्हा सुचलं नाही.

कुरवंड्याचे आबा शब्दाच्या जागी भलतंच काही म्हणायचे. जन्मभर बैलांमागे गेलेला माणूस. बाई थांबल्या, खोली शांत झाली, की आबा एकदम बैलाला हाळी घालायचे, अशी की बाहेर रस्त्यावरचं कुत्रं भुंकायचं. सून तोंडाला पदर लावायची. बाई मात्र गंभीर चेहऱ्याने म्हणायच्या, "सुरात आहे. पुढे चला."

"आवं बाई, त्यो बैल हाकतोय," सून म्हणाली एकदा.

"हाकू दे. थांबला होता, सुटला ना?"

टाळ्या वाजवायला बंदी होती. एका गुरुवारी कोणी पाहुणे आले होते, त्यांनी अम्मींच्या ओवीला टाळ्या वाजवल्या. बाईंनी त्यांना छत्रीने दार दाखवलं. "हा काय सत्कार आहे? आपल्याच घरातला शब्द आणलाय त्यांनी उचलून."

आता माझ्या बायकोबद्दल सांगितलं पाहिजे. हा आजार म्हातारपणाचा समजतात. हिला पन्नाशीतच लागला. आधी भाजीत दोनदा मीठ, मग स्टेशनवरून घरी येणारा रस्ता, मग माणसं. सगळ्यांत आधी मी गेलो. आमचा मुलगा बंगळुरूला असतो, त्याचा आवाज फोनवर ओळखायची. बहिणीला ओळखायची. मी चोवीस तास समोर, आणि मीच तिला सापडेना. संध्याकाळी मी चहा घेऊन गेलो की पदर सावरून म्हणायची, "हे घरी नाहीत. थोड्या वेळाने या." मी "बरं" म्हणून स्वयंपाकघरात जायचो, थोड्या वेळाने परत यायचो. तेव्हाही हे घरी नसायचे.

मी एका कारखान्यात कॉस्टिंग खात्यात, खर्चाचे हिशेब तपासायला होतो. हिचं दुखणं वाढल्यावर नोकरी सोडली. पण ज्याची खात्री केली नाही त्यावर सही करायची नाही, ही तिथली सवय सुटली नाही. मला एकच गोष्ट तपासायची होती. तिच्या आत मी कुठे शिल्लक आहे की नाही. आणि ते तपासायची सोय नव्हती, कारण आमच्या घरच्या रीतीने तिने मला नावाने कधी हाक मारलीच नव्हती. 'अहो' म्हणायची. 'अहो' ती अजूनही म्हणायची. पण 'अहो' भाजीवाल्यालाही म्हणतात. त्यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं.

माझं नाव तिच्या तोंडी आलं असेल ते फक्त उखाण्यात. लग्नानंतर तळेगावच्या घरी आलो तेव्हा माझी बहीण दार अडवून उभी राहिली. "वहिनी, नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही." हिने खाली बघत घेतलं:

घाटात दाटलं धुकं, दिवा लावला दारात,
अमुकरावांचं नाव घेते, आले त्यांच्या घरात.

तिला दुसरा उखाणा येत नव्हता. पुढे हळदीकुंकवाला, बारशाला, जिथे कुठे बायका आग्रह करतील तिथे हाच. शेजारच्या मावशी म्हणायच्या, "अगं, घाटातलं धुकं अजून निवळलं नाही का तुझं?" ती हसायची आणि पुढच्या वेळी तोच घ्यायची.

बाई प्रत्येकाला विचारायच्या, तुमच्या माणसाला तोंडपाठ काय येत होतं. गाणं नसलं तरी चालेल. बेकरीवाल्यांनी आईच्या ओव्या सांगितल्या. सुनेनं सांगितलं, "आमच्या आबाला हाळी सोडून काय बी येत न्हाई." मी उखाणा सांगितला. स्वतःच्या नावाला राव जोडून म्हणायला बरं वाटेना, म्हणून ती जागा मोकळी ठेवली. बाईंनी माझ्या तोंडाकडे टक लावून तो दोनदा म्हणवून घेतला. मग पेटीवर बोटं फिरवून त्याला साधीशी चाल लावली, ओवीसारखी. नाव काय, ते तेव्हाही विचारलं नाही.

उन्हाळाभर दर गुरुवारी तो उखाणा झाला. बाई पहिली ओळ गायच्या आणि नावापाशी थांबायच्या. पेटीचा भाता अर्धा उघडा. ही भिंतीवरच्या मोराकडे बघत बसायची. मी मागच्या बाकावरून तिचा अंबाडा बघायचो. तो सकाळी मीच घातलेला असायचा, त्यामुळे वाकडा. इतका वेळ कोणी थांबतं का? आबा चुळबुळ करायचे, बाहेरून चिक्कीच्या दुकानातल्या भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास यायचा, आणि बाई हलायच्या नाहीत. शेवटी स्वतःच पुढची अर्धी ओळ घेऊन, 'आले त्यांच्या घरात', उखाणा मिटवायच्या. नाव न घेताच घरात यावं लागायचं.

एकदा परत निघताना मी म्हणालो, "बाई, सोडून द्या. राहिलं नसेल काही."

त्या पेटीला खोळ घालत होत्या, पाठ माझ्याकडे. काहीच बोलल्या नाहीत. मला वाटलं, लागलं त्यांना. मी परत तेच म्हणालो. तरी गप्प. शेवटी सून माझा शर्ट ओढून म्हणाली, "भाऊ, म्होरं जाऊन बोला. मागून बाईंला काय ऐकाया येत न्हाई."

"म्हणजे?"

"बहिऱ्या हायेत त्या. लय वर्सं झाली. तुमाला ठावं न्हवतं व्हय?"

मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. कानातलं यंत्र बाईंच्या पिशवीत रुमालात बांधलेलं असायचं. घातलं की ताटवाट्या आणि माणसं एकाच आवाजात ओरडतात, म्हणून त्या ते घालत नसत. पेटीवर हनुवटी टेकून बसायची त्यांची तऱ्हा मी विक्षिप्तपणा समजत होतो. लाकडातून सूर हनुवटीला कळायचा. आणि आमच्या गळ्यांचा हिशेब त्या तोंडाकडे बघून करायच्या. म्हणून आजारी माणसं समोर. म्हणून मागच्या बाकावर गप्प, नाहीतर कोणाचे ओठ बघायचे? मी पुढे जाऊन उभा राहिलो.

"काय, नवरे?"

"काही नाही. येतो."

"या. आणि तिचा अंबाडा सैल घाला. डोकं ओढलं जातंय तिचं."

श्रावणाच्या आधीचा लोणावळ्याचा पाऊस ज्यांनी पत्र्याखाली बसून ऐकलाय त्यांना सांगायला नको. शेजारचा माणूस बोलतो ते कळत नाही. बेकरीवाले म्हणाले, पाऊस कमी होईपर्यंत बंद ठेवू. बाईंना ते समोर उभं राहून सांगितलं. त्या म्हणाल्या, "पावसाची मला काही अडचण नाही." आम्ही सगळे हसलो आणि पुढच्या गुरुवारी आलो.

त्या दिवशी खोलीत दिवा लावूनही अंधार होता. पत्र्यावर खडी ओतावी तसा आवाज. आबा शालीत झोपले होते. बाई काय गात होत्या ते आम्हाला त्यांच्या बोटांवरून कळत होतं. हिची पाळी आली. बाईंनी पहिली ओळ म्हटली असावी. मग थांबल्या. मी मागून सैल अंबाडा बघत होतो. हिने मान थोडी वर केली, इतकंच मला दिसलं. मग बाई एकदम पुढे वाकल्या, एवढ्या की पेटी घसरली. आणि त्यांनी मोठ्याने, पावसावरही ऐकू जाईल अशा आवाजात शेवट घेतला, "आले त्यांच्या घरात!"

वर्ग सुटल्यावर पाऊस जरा ओसरला, तेव्हा त्यांनी मला खांबापाशी ओढून नेलं. समोर उभं करून, तोंडाजवळ तोंड आणून विचारलं, "तुमचं नाव ओठ मिटून सुरू होतं का हो?"

मी मान हलवली. होतं.

"आणि मग मोठा आ?"

तसंच आहे.

"घेतलं तिनं," बाई म्हणाल्या.

मी हिच्याकडे पाहिलं. सून तिच्या पायात चपला सरकवत होती आणि ही तिला सांगत होती, "अहो, राहू द्या." मी बाईंना म्हणालो, "आवाज आला नाही मला."

"पत्र्याखाली कसला येतोय? मलाही नाही आला."

"बाई, ओठ मिटून सुरू होणारे शब्द पुष्कळ आहेत. पाणी आहे. बास आहे. 'माहीत नाही' म्हणाली असेल."

बाई चिडतील असं वाटलं. पण त्या अगदी हळू बोलल्या. आपला आवाज किती येतो ते त्यांना कळायचं नाही, तरी तेवढं त्या दिवशी नेमकं हळू आलं. "पावती पाहिजे का, नवरे?"

मी हिची छत्री उचलली.

"पावती नाही मिळत. पुढे येऊन बसा, आणि स्वतः बघा. नाव काय ते मला सांगू नका. ते तिचं काम."

पण पुढे बसायची वेळ आली नाही. दोन गुरुवार पावसाने घाटाकडची वाहतूक अडली. तिसऱ्या गुरुवारी गेलो तर बालवाडीला कुलूप, आणि बाहेर आबा छपराखाली उकिडवे बसलेले. सून म्हणाली, "बाई पडल्या, भाऊ. घरच्याच पायरीवर. खुब्याचं हाड मोडलंय. कोल्हापूरचा भाचा आलता, घिऊन गेला त्यांला." आबांनी रिकाम्या रस्त्याकडे बघून एक हाळी घातली. कोणी 'सुरात आहे' म्हणालं नाही.

आम्ही तिघं-चौघं पुन्हा कुठे जमलो नाही. किल्ली भाच्याबरोबर गेली होती, पण कारण ते नव्हतं. ओळ सुरू करून थांबेल असं कोणी नव्हतं. आम्हा सगळ्यांना पुढचा शब्द येत होता.

दिवाळीच्या सुमारास मी कोल्हापूरला फोन लावला. भाच्याने विचारलं, "कोण म्हणून सांगू? मावशीला फोनवर काही ऐकू येत नाही, मी कागदावर लिहून दाखवतो."

"लोणावळ्याचे नवरे म्हणा."

"काय?"

"असंच लिहा. त्यांना कळेल."

थोडा वेळ खडखड झाली. मग बाईंचा आवाज आला, नको इतका मोठा. "नवरे! मला काही ऐकू येणार नाही, तुम्ही बोलू नका. बसला का समोर?"

मी "हो" म्हणालो. खरं तर बसलो नव्हतो. त्यांना कोणतंच उत्तर ऐकू आलं नाही. जरा थांबून त्या म्हणाल्या, "बरं." मला नेहमी वाटतं, त्या तेव्हाही नावापाशी थांबतात तशाच थांबल्या होत्या आणि समोर बघायला माझं तोंड नव्हतं. मग भाच्याने फोन घेतला. महाशिवरात्रीच्या आसपास त्याचाच फोन आला, मावशी गेली म्हणून. मी त्याला विचारणार होतो, शेवटी काही बोलल्या का. नाही विचारलं.

आता हिचं बोलणं जवळजवळ थांबलंय. संध्याकाळी मी तिला कॉलनीत फिरवून आणतो. परत आलो की ती दारात थांबते. परक्याच्या घरात कसं शिरायचं, या विचाराने उंबऱ्याबाहेर संकोचून उभी राहते. पूर्वी मी मागून हलकेच हात लावून तिला आत घ्यायचो. ती अंग चोरायची.

आता मी आधी आत जातो. दारातला दिवा लावतो. मग वळून तिच्यासमोर उभा राहतो, तिला माझं तोंड दिसेल आणि मला तिचं, असा. आणि बाईंच्या चालीत म्हणतो, बेसूर तर बेसूर, "घाटात दाटलं धुकं, दिवा लावला दारात..."

आणि थांबतो. पुढचा शब्द माझ्या जिभेवर असतो. माझंच नाव आहे. मी तो गिळून ठेवतो आणि तिच्या ओठांकडे बघत राहतो. शेजारच्या मावशी त्यांच्या दारातून बघत असतात, त्यांना वाटतं आम्ही भांडलोय. कधी तिचे ओठ मिटतात. मिटून सुटतात. त्यातून काय निघालं, की नुसता श्वासच होता, ते मी आजही खात्रीने सांगू शकणार नाही, आणि कोणी कागद पुढे केला तर सही करणार नाही.

पण मी बाजूला होतो, आणि ती उंबरा ओलांडून आत येते.